कार्डांसाठी मार्बल पेपरचा पॅक घेतला, मला तरी फार आवडला

संगमरवरासारखा दिसणारा छापील कागद आहे, पांढऱ्यावर करड्या रेषा आणि मधे मधे सोनेरी फॉइल, उजेडात जरा तिरकं धरलं की ती फॉइल काय चमकते! ए४ साइज आहे म्हणजे एका शीटमधून ए६ कार्डांचे ४ पुढचे भाग निघतात, मी चारही बाजूंनी २-३ मिमी कमी कापते, खालच्या कार्डाची कड दिसली की फ्रेमसारखं वाटतं.

पण या कागदाचंच कार्ड करू नका हं, पातळ आहे आणि घडीवर छपाई तडकून आतला पांढरा कागद दिसतो, माझी पहिली दोन कार्डं अशीच वाया गेली. २५०-३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) साधं कार्डस्टॉक, म्हणजे कार्डाचा जाड कागद घ्या आणि त्यावर हा चिकटवा. पातळ गोंदाने सुरकुत्या पडतात, डबल साइड टेपच बेस्ट. जेल पेनची शाई यावर पटकन वाळत नाही, हात लागला की फरकटते, म्हणून मी नाव वेगळ्या कागदावर लिहून वर लावते.

रेषा तिरप्या येतील असं कापलं तर अगदी खरा दगड वाटतो, आईने तर कार्डावर दोनदा बोट फिरवून बघितलं. गुलाबी शेड तेवढी फिकट आहे, बाकी परत घेणारच.