अँटलर ४: घरच्या घरी लँग्वेज बनवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

स्वतःची छोटीशी प्रोग्रामिंग लँग्वेज बनवायचं खूळ बरेच दिवस डोक्यात होतं, कीवर्ड मराठीत, 'जर', 'नाहीतर', 'दाखव', बास एवढंच, आणि पार्सर (लिहिलेला कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) हाताने लिहायचा आला कंटाळा म्हणून अँटलर घेतलं. टेरेन्स पार यांचं टूल, फुकट, ओपन सोर्स. आपण ग्रामरची, म्हणजे भाषेच्या नियमांची, फाईल लिहायची, ते लेक्सर (कोडचे शब्दांसारखे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा भाग) आणि पार्सर दोन्ही काढून देतं, पायथन, गो, जावास्क्रिप्ट, बऱ्याच भाषांत. टूल स्वतः मात्र जावावर चालतं, म्हणजे पायथनवाल्यांनाही जावा टाकणं आलंच.

पहिल्याच संध्याकाळी बेरीज-गुणाकार चालू! एक्स्प्रेशनचा, म्हणजे २+३ सारख्या हिशोबाचा, नियम सुरुवातीलाच स्वतःला बोलावतो, हाताने लिहिलेला साधा पार्सर तिथे गोल गोल फिरत बसतो, अँटलर ते निमूट पचवतं. फक्त आधी कोण हे ओळींच्या क्रमावर ठरतं, मी बेरीज वर लिहिली आणि गुणाकार खाली, तर २+३*४ चं उत्तर २०. अर्धा तास हिशोबाच्या कोडमध्ये चूक शोधत होतो, तिथे नव्हतीच.

पण डोकं खाल्लं ते वेलांटीने. व्हेरिएबलला नाव दिलं 'किंमत', तर टोकन रेकग्निशन एरर, आणि हातात 'क' एक नि 'मत' एक असे दोन तुकडे. त्याआधी 'वय' मस्त चाललेलं, त्यामुळे काही कळेना. झालं असं की नावात फक्त लेटर चालतील असं मीच लिहून ठेवलेलं, आणि युनिकोडच्या (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) हिशोबात वेलांटी, अनुस्वार, काना ही लेटर नाहीतच, मार्क नावाचा वेगळा वर्ग आहे त्यांचा. 'वय'ला काना ना मात्रा, म्हणून ते सुटलं. मार्क जोडले, एका ओळीचं काम.

पार्सरने ओळखलेल्या रचनेतून आपणच फिरायला व्हिजिटर हवा असेल तर पर्याय वेगळा द्यावा लागतो, नाहीतर नुसता लिसनर (फिरणं अँटलरचं, आपल्याला फक्त कळवतं) मिळतो (मी फाईल शोधत बसलो). एरर मेसेज इंग्रजीत येतात, मराठीत हवे तर एरर लिसनर आपला लिहायचा, तो मी लिहिला, 'इथे कंस राहिला' असं वाचायला लय भारी वाटतं.

पार्सर आतून कसा चालतो तेच शिकायचं असेल तर हे घेऊ नका, हातानेच लिहा. रोज सिंटॅक्स बदलत बसायचा असेल तर पाचपैकी चार. एक कापला कारण अँटलरने तयार केलेला कोड वाचायला नको वाटतो. माझं सध्या फंक्शनपाशी अडलंय, आतलं 'वय' कुठलं नि बाहेरचं कुठलं, ते ग्रामरमध्ये लिहिता येत नाही.