ग्रोमॅक्स आणि मार्टिनी: तेल, पाणी, साबण आणि माझे आठ महिने

गेले आठ महिने रोज ग्रोमॅक्स, म्हणजे रेणूंच्या हालचाली संगणकावर चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडतेय. काम एकच: डोडेकेन (एक तेल), पाणी आणि एसडीएस, म्हणजे टूथपेस्टला फेस आणणारं सोडियम डोडेसिल सल्फेट. सॉफ्टवेअर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात सुरू झालेलं, फुकट. सोबतचं मार्टिनी फोर्स फील्ड, म्हणजे कणांमधली बलं ठरवणारे नियम, तेही तिथलंच.

मार्टिनीत साधारण चार जड अणूंचा एक मणी धरतात. पाण्याच्या 4 रेणूंचा एक मणी, डोडेकेनचे 3, एसडीएसचे 4. त्यामुळे टाइमस्टेप, म्हणजे हिशोबाची एक पायरी, 2 ऐवजी 20 फेम्टोसेकंदांची चालते. पहिल्यांदा संध्याकाळी रन लावून घरी गेले. सकाळी व्हीएमडीत, म्हणजे रेणूंची चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल उघडली, तर पाण्यात विखरून टाकलेले एसडीएसचे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर करून गोळे करून बसलेले! असा गोळा, म्हणजे मिसेल, पुस्तकात शंभरदा पाहिलं होतं. ते आपोआप जमताना पाहून अंगावर काटा आला.

आकड्यांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. पृष्ठताण काढताना ग्रोमॅक्स जो आकडा देतं तो बार-नॅनोमीटरमध्ये असतो आणि सगळ्या पृष्ठांचा मिळून असतो. ज्यात रेणू ठेवतो तो डबा चहूबाजूंनी पुनरावृत्त होत असल्यामुळे तेलाच्या थराला पृष्ठं दोन. म्हणून आधी 2 ने भागा, मग 10 ने, तेव्हा मिलिन्यूटन प्रति मीटर मिळतं. मी 2 ने भागायचं विसरले आणि तीन आठवडे फोर्स फील्डलाच दोष देत बसले. साबण न घालता डोडेकेन-पाणी आधी चालवा. प्रयोगातलं मूल्य 50 च्या थोडं वर आहे, त्याच्याशी ताडून पाहा.

दुसरी अडचण संहतीची. एसडीएसची मिसेल 8 मिलिमोलरच्या आसपास बनायला लागतात. तेवढ्या पातळ द्रावणात एका रेणूमागे पाण्याचे जवळपास 7 हजार रेणू येतात. साठ रेणूंच्या एका मिसेलसाठी 4 लाखांहून जास्त! म्हणून सगळेच जण दाट द्रावण घेतात. ते अहवालात स्पष्ट लिहायला हवं.

मार्टिनी 2 मध्ये खोलीच्या तापमानाला पाणी गोठायचं, त्यात अँटीफ्रीझ मणी मिसळावे लागत. 2021 च्या मार्टिनी 3 वर आल्यापासून मला तो त्रास झालेला नाही. तापमान बदलून निष्कर्ष काढायचे असतील तर मात्र मी हे मॉडेल घेणार नाही, कारण मण्यांत एन्ट्रॉपीचा, म्हणजे रेणूंच्या विस्कळीतपणाचा, बराच हिस्सा ऊर्जेत मिसळून गेलेला असतो. तिथे प्रत्येक अणू वेगळा धरणारं ऑल-अ‍ॅटम मॉडेलच घ्यावं, मग रन कितीही रेंगाळो.