डॉट कॉम, डॉट इन की डॉट एआय? सोलापूरच्या धंद्याला कोणतं नाव परवडतं

वेबसाइट करायचं ठरलं की सोलापुरातल्या कारखानदाराचा पहिला प्रश्न असतो 'खर्च किती?' आणि दुसरा 'डॉट कॉम मिळेल ना?'. हल्ली तिसराही येतो. तो बहुतेक वेळा घरातल्या इंजिनिअर झालेल्या मुलाचा असतो: पप्पा, डॉट एआय घेऊ या. नाहीतर डॉट आयओ. अगदीच नाही तर डॉट को. दोन अक्षरी शेपूट दिसायला झकास दिसतं, यात वाद नाही. पण असं जवळजवळ प्रत्येक दोन अक्षरी शेपूट कुठल्या तरी देशाच्या किंवा बेटाच्या नावावर असतं आणि आपण तिथं भाडेकरू म्हणून राहायला जातो. म्हणून मी आधी घरमालक कोण ते बघतो, मग भाडं. दिसणं त्यानंतर.

डॉट कॉम कुठल्याच देशाचं नाही. इंटरनेटवरच्या नावांचा जगभरचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेशी केलेल्या करारावर अमेरिकेतली व्हेरिसाइन कंपनी ते चालवते. डॉट इन आपलं. ते 'निक्सी', म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, सांभाळते. कागदोपत्री डॉट इन १९८९ पासून आहे, पण सगळ्यांसाठी मोकळं झालं ते २००५ मध्ये. त्याआधी त्यावर जेमतेम काही हजार नावं होती. डॉट कॉमवर मात्र जगाने तोवर वीस वर्षं हात मारून घेतला होता. हा फरक आजही नाव शोधायला बसलं की जाणवतो. सोलापूर, चादर, टॉवेल, टेक्स्टाइल यांच्या साध्या जुळण्या डॉट कॉमवर शोधा, बहुतेक गेलेल्या निघतात. मग आडनाव जोडा, मग 'सन्स' जोडा, मग शेवटी आकडा. होता होता नाव इतकं लांबतं की टेम्पोच्या मागे रंगवायला जागा पुरत नाही. डॉट इनवर तेच नाव आखूड मिळायची शक्यता पुष्कळ जास्त.

पैशाचा फरक मोठा नाही, पण आहे. डॉट इन पहिल्या वर्षी ऑफरमध्ये काहीशे रुपयांत मिळतं आणि पुढे वर्षाला हजाराच्या आतबाहेर जातं. डॉट कॉम त्याहून थोडं वर. यातली गोम पहिल्या वर्षाच्या किमतीत असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा फक्त बारा महिन्यांचा असतो, म्हणून विकत घेण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर बघा. जीएसटी वेगळा. डॉट इन स्वस्त असल्याचा खरा फायदा असा की दोन नावं घेता येतात. 'चादर'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी एक की दोन, यावर आपल्याच गावात एकमत नाही. मग गिऱ्हाईक काय टाइप करेल याचा भरवसा कोण देणार? दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवून ठेवा.

आता दोघांत कुणाचं पारडं जड? माल कुठं जातो त्यावर आहे. शाळांचे युनिफॉर्म शिवणारा, ज्याच्या पार्ट्या महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत आहेत, त्याने डॉट कॉमच्या मागे धावण्यात अर्थ नाही. गूगल डॉट इनला भारतासाठीची साइट समजतं आणि त्याला तेच हवंय. शिवाय रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला लावलं. त्यामुळे रोज बँकेच्या पत्त्यात डॉट इन बघणाऱ्या लोकांच्या नजरेत त्याचं वजन वाढतंय. टेरी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्याचं गणित उलटं. फ्रँकफर्टच्या हाइमटेक्सटील या कापडाच्या प्रदर्शनात कार्ड घेऊन गेलेला खरेदीदार हॉटेलवर जाऊन तुमचं नाव आठवेल आणि पुढे सवयीने डॉट कॉम ठोकेल. अशा माणसाने थोडं लांब नाव चालवून घ्यावं, पण डॉट कॉम पुढे ठेवावं आणि त्याच नावाचं डॉट इन राखून ठेवावं.

भांडणाचाही विचार आधीच करा. तुमच्या ब्रँडचं नाव दुसऱ्याने आधी घेऊन ठेवलं तर डॉट इनसाठी निक्सीकडे तक्रार करता येते आणि भारतातला लवाद निकाल देतो. डॉट कॉमची तक्रार बहुधा जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जाते; तिथं एका पंचापुढच्या साध्या प्रकरणाची फीच दीड हजार डॉलर. दोन्हीकडे नावावरचा तुमचा हक्क दाखवावा लागतो. इथं आपले लोक एक गफलत करतात. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण ते मानांकन गावाच्या मालाचं आहे. तुमच्या पेढीच्या नावाचा ट्रेडमार्क तुम्हालाच वेगळा काढावा लागतो.

डॉट को कोलंबियाचं. २०१० मध्ये जगाला खुलं झालं आणि 'कंपनी'चं लघुरूप म्हणून विकलं गेलं. माझं मत सरळ आहे: सोलापुरात घेऊ नका. पत्ता फोनवर सांगून बघा.

"डॉट को."
"हां, डॉट कॉम."
"कॉम नाही, नुसतं को."
"को डॉट इन का?"

एवढं होईपर्यंत समोरच्या दलालाने फोन दुसऱ्या कानाला लावलेला असतो. ऑर्डरची मेल मग डॉट कॉमवाल्या भलत्याच माणसाकडे जाते आणि मेल परत आली नाही म्हणून पाठवणाऱ्यालाही कळत नाही. हे किती थराला जाऊ शकतं ते २०२३ मध्ये जगाने वाचलं. अमेरिकन लष्कराचे पत्ते डॉट एमआयएलने संपतात. त्यातला आय टाइप करताना गळाला की मेल डॉट एमएलवर, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या मालीकडे जायची. अशा मेली वर्षानुवर्षं जात होत्या. तिथं एवढी शिस्त असून ही गत, तर आपल्या नव्या पेठेतल्या घाईत काय होईल?

डॉट एमएलवरून आठवलं. डॉट टीके, डॉट एमएल, डॉट जीए ही नावं एके काळी फुकट मिळायची आणि कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट त्यावर असायचे. फुकटात फसवणूकवालेही शिरले. २०२३ मध्ये मालीने आणि गॅबोनने आपापली नावं त्या फुकट वाटणाऱ्या कंपनीकडून परत घेतली, पुढे कंपनीने हा धंदाच सोडला. फुकटवाल्यांचं प्रकरण इथंच संपवतो.

डॉट एआयची गोष्ट जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. ते अँग्विलाचं. कॅरिबियन समुद्रातलं ब्रिटिश अमलाखालचं बेट, वस्ती सोळा हजारांच्या आसपास. आपल्या एखाद्या पेठेत याहून जास्त लोक राहतात. १९९५ मध्ये देशांच्या यादीप्रमाणे ही दोन अक्षरं त्यांच्या वाट्याला आली, तेव्हा एआय म्हणजे पुढे काय होणार हे कुणाच्या गावीही नव्हतं. २०२३ मध्ये नुसत्या नावांतून त्या सरकारला सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले, एकूण महसुलाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. ते पैसे तुमच्या-आमच्या खिशातून जातात. डॉट एआय किमान दोन वर्षांसाठी घ्यावं लागतं आणि दोन वर्षांचे मिळून दहा-बारा हजारांच्या वर जातात, नूतनीकरणालाही तेच. पोरगा सॉफ्टवेअर विकत असेल, गिऱ्हाईक बेंगळुरूचं किंवा बाहेरचं असेल, तर घ्यायला हरकत नाही. गूगल डॉट एआयला अँग्विलापुरतं धरत नाही, जगासाठीचं नाव मानतं. पण शेंगाचटणीच्या दुकानाला डॉट एआय? त्या पैशात तुमच्या पाकिटांची चांगली फोटोग्राफी होईल.

डॉट आयओच्या घरमालकाचाच भरवसा नाही. ही अक्षरं ब्रिटिश हिंदी महासागर क्षेत्राची, म्हणजे चागोस बेटांची. ब्रिटनने १९६५ मध्ये ती मॉरिशसपासून तोडली आणि तिथल्या रहिवाशांना हुसकावून लावलं. २२ मे २०२५ ला ती परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. उद्या देशांच्या यादीतून हे नाव गेलं तर नियम असा की दोन अक्षरी नाव बंद करायला पाच वर्षं मिळतात, फार तर आणखी पाच. असं पूर्वी झालंय: युगोस्लाव्हिया फुटला आणि त्यांचं डॉट वाययू मार्च २०१० मध्ये कायमचं बंद पडलं. त्याच मोडतोडीतून मॉन्टेनेग्रोला डॉट एमई मिळालं, जे २००८ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. फोटोग्राफर, गायक, डॉक्टर यांच्या स्वतःच्या नावाला डॉट एमई शोभतं, बाकी काही खास नाही. डॉट आयओ लगेच बंद पडणार नाही. पण तिसऱ्या पिढीतल्या कारखान्याने पुढच्या पिढीसाठी पाटी लावताना असला घोर कशाला लावून घ्यायचा?

राहिलं डॉट भारत. मला याचं कौतुक आहे आणि म्हणूनच अडचणीही सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत हे सुरू झालं, निक्सीकडेच आहे, महागही नाही. संपूर्ण पत्ता मराठीत. अडचण पहिली, ऱ्हस्व-दीर्घ. 'सोलापूर' आणि 'सोलापुर' ही इंटरनेटच्या लेखी दोन वेगळी गावं आहेत आणि घाईत दुसरं टाइप करणारे कमी नाहीत. इथंही दोन्ही घ्यावी लागतात. अडचण दुसरी, पत्ता ब्राउझरमधून कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की बऱ्याचदा तो एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या घोळक्यात बदलतो. यंत्राच्या दृष्टीने पत्ता बरोबर असतो, पण बघणाऱ्याला ती लिंक फसवणुकीचीच वाटते. तिसरी, मेल. देवनागरी पत्त्याला जीमेलवरून मेल जाते, पण बऱ्याच ऑनलाइन फॉर्मना तो पत्ता चालत नाही. म्हणून डॉट भारत दुसरं दार म्हणून ठेवा, मेल डॉट इनवर चालवा. गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टॉलच्या फलकावर, चटणीच्या पाकिटावर मराठी पत्ता डोळ्यात भरतो. शेजारी क्यूआर कोड छापला की टाइप करायची कटकटही नाही.

यापैकी काहीही घेतलंत तरी एक तपासणी सगळ्यांना सारखीच. नाव कुणाच्या खात्यात घेतलंय? वेबसाइट करून देणारा सोयीसाठी स्वतःच्याच खात्यात, स्वतःच्या मेलवर नोंदवतो आणि पैसे मात्र तुम्ही भरता. पुढे तो गाव सोडून पुण्याला गेला किंवा बिलावरून वाजलं की नाव अडकतं. खातं पेढीच्या मेलवर उघडा, ओटीपीचा मोबाइल मालकाचा द्या. नोकरी सोडून जाणाऱ्या अकाउंटंटचा नको. एकदम पाच वर्षांचे भरता आले तर भरून टाका. मुदत संपून नाव हातचं सुटलं की ते सोडवण्याच्या काळात नेहमीच्या दराच्या कित्येक पट दंड लागतो, आणि तेवढ्या दिवसांत वेबसाइटबरोबर मेलही बंद असते. ऐन सीझनला मेल बंद पडली की पार्टी फोन करत नाही, शेजारच्या कारखान्याला विचारते.