सायको टेस्टची 'गॅरंटी' घेणाऱ्या सरांनी आम्हाला कसं गंडवलं

ज्यांच्या घरातलं पोरगं नाहीतर पोरगी एनडीए किंवा सीडीएसची (फौजेत अधिकारी व्हायच्या परीक्षा) लेखी पास होऊन एसएसबीच्या, म्हणजे पुढची निवड करणाऱ्या बोर्डाच्या, कॉल लेटरची वाट बघतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल. जरा लांबलंय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही कारण खरी मेख शेवटी शेवटी आहे.

माझा धाकटा भाऊ एनडीएची लेखी पास झाला. आमच्याकडे फौजेत कोणीच नाही, बाबा एसटीत, आई अंगणवाडी सेविका. लेखीचे ९०० मार्क सगळ्यांना समजतात, गणित आहे, जनरल अ‍ॅबिलिटी आहे, पुस्तकं मिळतात. पुढचे ९०० एसएसबीचे, आणि तिथे नक्की काय करतात विचारलं की जो तो हवेत हात फिरवतो. त्यात पण ग्राउंडवरचे टास्क किंवा इंटरव्ह्यू निदान डोळ्यासमोर तरी येतो. सायकॉलॉजी टेस्ट म्हटलं की लोकांना वाटतं आता हे मनातलं वाचणार, पोरगं एखादा शब्द उलटा लिहील आणि याच्या डोक्यात काहीतरी गडबड आहे म्हणून घरी पाठवतील. या धंदेवाल्यांचं सगळं दुकान या भीतीवर चालतं.

नंबर कुठून मिळाला माहीत नाही पण लेखीचा निकाल लागल्यावर लगेच फोन आला. "सर" म्हणे सिलेक्शन बोर्डात सायकॉलॉजिस्ट होते, आता रिटायर झालेत आणि मुलांना मदत करतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत बेरेट म्हणजे फौजी टोपी घातलेला फोटो. पहिल्यांदा काहीच मागितलं नाही हां, उलट फ्री टेस्ट दिली. एक गूगल फॉर्म, त्यात हो-नाहीचे प्रश्न, तुम्हाला राग येतो का, अंधाराची भीती वाटते का, असले. दुसऱ्या दिवशी रंगीत ग्राफवाला रिपोर्ट आला की तुमच्या मुलात १५ ऑफिसर लाइक क्वालिटीपैकी (अधिकाऱ्याला लागणारे गुण) ९ दिसतात, बोर्डाचा कटऑफ ११ आहे, आणि खाली लाल अक्षरात "निगेटिव्ह प्रोफाइल रिस्क". बाबा रात्री झोपले नाहीत.

आता इथेच थांबून सांगते. त्या क्वालिटी १५ आहेत हे खरं आहे, कुठेही वाचायला मिळतं. पण अमुक इतक्या असल्या की पास असला हिशोब तिथे नसतो आणि तो गूगल फॉर्मवरून तर निघूच शकत नाही. मी नंतर तोच फॉर्म दुसऱ्या नावाने भरला, सगळी उत्तरं मुद्दाम उलटी दिली, राग येतो हो, भीती वाटते हो, मित्र नाहीत हो. रिपोर्ट काय आला? ९. ग्राफसुद्धा तोच. मग आईच्या नावाने भरला, तिला पण ९. आई खूश झाली जरा, पण ते जाऊ द्या.

खरी टेस्ट कशी असते ते सांगते म्हणजे कोणी पुडी सोडली तर कळेल. एसएसबी पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग, त्यात बुद्धिमत्तेचे प्रश्न आणि एक धूसर चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, मग ग्रुपमध्ये चर्चा. बरेच जण तिथूनच परत येतात. जे राहतात त्यांची सायकॉलॉजी टेस्ट. त्यात टीएटी म्हणजे चित्र ३० सेकंद बघायचं आणि ४ मिनिटांत गोष्ट लिहायची, अशी ११ चित्रं आणि बारावी स्लाइड कोरी, तिच्यावर मनाने गोष्ट. मग डब्ल्यूएटी, ६० शब्द, प्रत्येक शब्दाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य. मग एसआरटी, ६० प्रसंग, त्यात तू काय करशील ते लिहायचं, आणि ३० मिनिटं, म्हणजे एकाला अर्धा मिनिट. शेवटी सेल्फ डिस्क्रिप्शन, आईवडील काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुला स्वतःबद्दल काय वाटतं, पुढे कसं व्हायचंय, १५ मिनिटांत. हा इतका कमी वेळ मुद्दाम ठेवलाय, माणूस सजवून लिहायला बसला तर त्याला वेळच पुरू नये म्हणून. आणि हे सगळं बनवण्यामागे डीआरडीओच्या संस्थेतल्या मानसशास्त्रज्ञांचं कित्येक वर्षांचं काम आहे, कोणा सरांच्या पेनड्राइव्हवर त्याची "की" नसते.

तर रिपोर्टनंतर पॅकेज आलं. २२ हजार. त्यात काय तर तयार गोष्टींची पीडीएफ, ६०० शब्दांची तयार वाक्यं आणि एसआरटीची उत्तरं. मी ती पीडीएफ बघितलीय. प्रत्येक गोष्टीत राहुल नावाचा मुलगा, तो गावात येतो, तलाव गाळाने भरलेला असतो, तो तरुणांना गोळा करतो, तलाव साफ होतो, कलेक्टर सत्कार करतो. चित्रात बाई रडत असो की दोन माणसं दिव्याखाली उभी असोत, राहुल येऊन तलाव साफ करणारच. भाऊ बिचारा पाठ करत बसला होता. वर ३५ हजारांचा "पर्सनल सायकॉलॉजिस्ट फीडबॅक", म्हणजे भाऊ गोष्टी लिहून फोटो पाठवणार आणि सर तपासून रिपोर्ट देणार. त्या रिपोर्टच्या पाचव्या पानावर "शी शुड वर्क ऑन हर कॉन्फिडन्स" असं लिहिलेलं होतं, वर कोणत्या तरी मुलीचं नाव पण तसंच राहिलेलं. विचारलं तर म्हणाले टायपिस्टची चूक.

इथपर्यंत म्हणाल तर महागडा आणि फालतू क्लास, असे ढीगभर आहेत. खरा गेम पुढे. कॉल लेटर आल्यावर सरांनी बाबांना एकट्याला फोन केला, तोही व्हॉट्सअ‍ॅप कॉल, कारण तो रेकॉर्ड होत नाही. "काका, पोराचा परफॉर्मन्स बॉर्डरवर आहे, आपला माणूस आत आहे, सायकोचा पेपर त्याच्याकडेच जाईल, दीड लाख, पण तुमचा विश्वास बसावा म्हणून सांगतो, रेकमेंड झाला, म्हणजे बोर्डाने निवडला, तरच माझे, नाही झाला तर एकूणएक रुपया परत." सोबत जुन्या बातमीचं कात्रण. आणि बातमी खोटी नव्हती बरं का, २०२१ मध्ये सीबीआयने एसएसबीमार्फत होणाऱ्या भरतीत लाच घेतल्याच्या आरोपावरून लष्करी अधिकाऱ्यांसकट बऱ्याच जणांवर गुन्हा नोंदवला होता. सरांनी ती अशी दाखवली की बघा, आत असं चालतं. ती तक्रार खुद्द लष्कराच्याच दक्षता विभागाने केली होती हा भाग कात्रणात कापला होता.

बाबांनी एसटीच्या सोसायटीतून कर्ज काढलं. खातं क्लासच्या नावाचं नव्हतं, कुठल्या तरी ट्रेडर्सचं होतं, आणि पन्नास हजार रोख घेतले.

आता "नाही झाला तर परत" हे ऐकायला किती प्रामाणिक वाटतं ना? मी अकाउंट्समध्ये काम करते म्हणून मला याचा हिशोब मांडावासा वाटला. समजा दहा जणांकडून दीड-दीड लाख घेतले आणि काहीच केलं नाही, अक्षरशः काही नाही, एक फोनसुद्धा नाही. दहातला एखादा पोरगा स्वतःच्या जिवावर रेकमेंड होणारच. त्याच्या घरच्यांना वाटतं सरांनी केलं, ते पैसे तर सोडतातच वर आणखी चार जणांना नंबर देतात. उरलेल्या नऊ जणांना परत द्यायचे, पण लगेच नाही, पुढच्या महिन्यात, मग ऑडिट चाललंय, मग पुढच्या अटेम्प्टला अ‍ॅडजस्ट करू. जे फारच आवाज करतात त्यांना थोडे परत. म्हणजे त्याचा एक रुपया खर्च नाही, आतला माणूस असण्याची गरजच नाही. जो पास झाला तोच त्याची जाहिरात, आणि तो पोरगा खोटं पण बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून "अहो आमच्या ओळखीतल्याचं काम झालं त्यांच्याकडून" हा पुरावा धरू नका.

आणि आतला माणूस खरंच असता तरी? बोर्डात तीन वेगवेगळे लोक बघतात, सायकॉलॉजिस्ट, इंटरव्ह्यू घेणारा अधिकारी आणि जीटीओ, म्हणजे ग्राउंडवरचे ग्रुप टास्क घेणारा अधिकारी. मनसा, वाचा, कर्मणा असं त्याला म्हणतात. तिघं आपापलं मूल्यमापन वेगवेगळं करतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्ये एकत्र बसतात. सायकॉलॉजिस्ट तर तोपर्यंत मुलाला भेटलेलाही नसतो, त्याच्यासमोर फक्त लिहिलेले कागद. कागदावर एक माणूस आणि ग्राउंडवर दुसराच माणूस दिसला की ते तिथेच उघडं पडतं.

भावाचं तेच झालं असावं. असावं म्हणते कारण ते कारण सांगत नाहीत, फक्त रेकमेंड झालेल्यांचे चेस्ट नंबर पुकारतात, बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. पण त्याने आल्यावर सांगितलं ते ऐका. कोऱ्या स्लाइडवर त्याने राहुलचा तलाव लिहिला. संध्याकाळी बराकीत गप्पा मारताना कळलं की त्याच बॅचमधल्या अजून एकाने पण तलावच लिहिलाय, राहुलच, कलेक्टरसकट. तो पण याच सरांचा. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजले. ग्राउंडवर मात्र भाऊ छान खेळला म्हणतो, कारण तिथे पाठ केलेलं काही नव्हतं.

सरांना फोन केला तर म्हणे "सायकोत ए-वन होता, जीटीओने मारलं." यांना कोणी सांगितलं? आणि त्याच कॉलवर पुढच्या अटेम्प्टसाठी ८० हजार मागितले, या वेळी जीटीओ पण मॅनेज करतो म्हणून. बाबांनी दीड लाख परत मागितले तेव्हा आवाज बदलला. "काका, तुम्ही लाच दिलीय. तक्रार केलीत तर पहिला गुन्हा तुमच्यावर, पोराच्या नावाला डाग, परत कुठली सरकारी नोकरी नाही." बाबा गप्प झाले. मला वाटतं या लोकांच्या विरोधात कोणी बोलत नाही त्याचं खरं कारण हे वाक्य आहे, ते सगळ्यांसाठी तयार ठेवलेलं असतं.

म्हणून आम्ही आधी वकिलाकडे गेलो. त्यांनी साखरेत घोळवून सांगितलं नाही, लाच देणं हा पण गुन्हा आहे हे स्पष्ट बोलले, पण आमच्या केसमध्ये कोणत्याही अधिकाऱ्यापर्यंत पैसे गेल्याचं दिसत नाही, खोटी ओळख सांगून पैसे उकळलेत, ही सरळ फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०. सगळं खरं खरं लिहून द्या, काही लपवू नका, असं म्हणाले. तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं त्यामुळे तुम्ही पण आधी वकिलाला विचारा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात पळतात. आम्हाला उशीर झाला होता. पोलिसांनी त्याला बोलावल्यावर ४० हजार आपोआप परत आले, बाकी तपास चालू.

पॅकेजच्या ५७ हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार टाकलीय. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी लागत नाही. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नाही, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढलेत, त्यात सिलेक्शनची खोटी गॅरंटी देणं आणि पास झालेल्या मुलांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय वापरणं बंद केलंय. त्यामुळे "१०० टक्के रेकमेंडेशन" वाल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, आम्हाला तोच कामी आला. चॅट डिलीट करायला सांगतात ते तर अजिबात करू नका.

अग्निवीरवाल्यांनी पण वाचा हां. एअरफोर्सच्या भरतीत अ‍ॅडॅप्टेबिलिटी टेस्ट (फौजेतल्या वातावरणाशी जुळवून घेता येईल का ते बघणारी) आधीपासून होती, आता आर्मीच्या भरतीतही आलीय, आणि लगेच तिची "उत्तरं" विकणारे उगवलेत. आमच्या शेजारच्या पोराला अशी पीडीएफ दोन हजाराला मिळाली, आत इंटरनेटवरचे कुठलेतरी पर्सनॅलिटी क्विझचे प्रश्न.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची आली माहितीये? नाशिक रोडला राज्य सरकारच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे लेखी पास झालेल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना एसएसबीची तयारी फुकट करून देतात, राहणं-जेवणसुद्धा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारायचं, ते सांगतात कागद काय लागतात. ही जाहिरात पेपरात कोपऱ्यात चार ओळींची येते आणि सरांचं पोस्टर आमच्या स्टँडसमोर भलंमोठं लागतं. भावाचं वय बसतंय, लेखी परत निघाली, तो तिथे जाऊन आला. म्हणाला तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं की तयार गोष्टी विसरा, जे आयुष्यात खरं केलंय ते आठवून लिहा. त्याने आमच्या चाळीतल्या पाण्याच्या मोटरवरून झालेल्या भांडणाची गोष्ट लिहिली, मी वाचली, राहुलपेक्षा शंभर पट बरी होती.

सरांचा जुना नंबर आता बंद आहे. क्लासचं नाव बदललंय, जाहिरात परत सुरू झालीय, माणूस तोच आहे, फोटोतल्या बेरेटचा रंग तेवढा या वेळी वेगळा आहे.