जुवाखालचं तिसरं चाक: ऊसगाडीला लावावं का?

दोन चाकांच्या बैलगाडीच्या दांडीला जुवाजवळ लावायचं हे छोटं चाक बैलाच्या मानेवरचं ओझं उचलतं, ओढ मात्र कमी करत नाही. विकणारा या दोन गोष्टी एका दमात सांगतो. मग घेणारा दोन खेपांनंतर "ओढायला काही हलकं झालं नाही" म्हणून ते चाक गोठ्यात टाकून देतो. खोट बहुतेक वेळा चाकात नसते, त्याच्याकडून भलत्याच कामाची अपेक्षा ठेवलेली असते.

वाळवा तालुक्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाने असा आधार बनवला आणि २०२२ साली त्याचा फोटो देशभर फिरला. दोन बैलांच्या मधे, दांडीखाली एक छोटं चाक, एवढीच कल्पना. इथे परीक्षण त्या नमुन्याचं नाही. त्या धर्तीवर वेल्डिंगच्या दुकानात बांधून घ्यायच्या चाकाचं आहे.

आधी मानेवर किती येतं ते बघू. दोन चाकांची टायरगाडी म्हणजे तराजू. साटा (गाडीचा सांगाडा) आणि ऊस मिळून २५०० किलो धरा, आणि त्याचा मध्य आखाच्या फक्त १० सेंटिमीटर पुढे आहे असं समजा. आखापासून जू ३ मीटरवर. २५०० गुणिले ०.१ भागिले ३, म्हणजे ८३ किलो जुवावर. हे सपाट रस्त्याचं झालं. मोळ्या उंच रचलेल्या असतात, मालाचा मध्य आखाच्या मीटरभर वर असतो. शंभर मीटरला पाच मीटर असा उतार लागला की तो मध्य पाच सेंटिमीटर पुढे सरकतो आणि जुवावर आणखी चाळीसेक किलो येतात. चढाला नेमकं उलट होतं. गाडी उलाळते म्हणजे मागे कलंडू लागते, जू वर उचलतं आणि जोतं, म्हणजे मानेखालून जुवाला बांधलेला पट्टा, गळ्याला लागतं. गाडीवान मुद्दाम पुढे दाब ठेवून भरतो तो याच भीतीने.

तिसऱ्या चाकाची कमाई इथेच आहे. पुढचा दाब चाकावर घेता येतो, चढासाठी राखीव दाबही राहतो आणि मान मोकळी राहते. त्याहून मोठा फायदा उभ्या गाडीत. फडात मोळ्या भरताना आणि कारखान्यावर वजनकाट्यापुढच्या रांगेत गाडी तासन्‌तास उभी असते, तेव्हा ओढ शून्य असते पण मानेवरचं ओझं तेवढंच. चाकाला उंची लॉक करायची सोय असेल तर भरल्या गाडीचे बैल सोडून त्यांना वाढं (उसाचे हिरवे शेंडे) टाकता येतं. आमच्या मते नुसत्या एवढ्यासाठीही हे घ्यावं.

आता ओढ. तीन टनांची भरली गाडी डांबरी रस्त्यावर ओझ्याच्या साधारण २ टक्के ओढ मागते, म्हणजे ६० किलो. मऊ रानात तीच १० टक्के किंवा जास्त, म्हणजे ३०० किलो. चारशे किलोचा बैल दिवसभर टिकवून ओढतो ती ओढ त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे जोडीची ८०. फडातून गाडी काढायला दुसरी जोडी नाहीतर ट्रॅक्टर लागतो तो यामुळे. त्यात तिसरं चाक एक पैशाची मदत करत नाही. मऊ मातीत छोटं चाक रुततं, म्हणून थोडी ओढ वाढतेच. फडात चाक वर उचलून पिनेत अडकवायचं आणि रस्त्याला लागल्यावर सोडायचं. उचलायची सोय नसलेलं चाक कृष्णाकाठच्या काळ्या रानात घेऊच नये.

छोट्या चाकाचा दुसरा दोष दगडावर दिसतो. १० सेंटिमीटरचा दगड आडवा आला तर ४२ सेंटिमीटर त्रिज्येचं मोठं चाक आपल्यावरच्या ओझ्याच्या पाऊण पटीहून थोडा जास्त आडवा जोर मागतं. २० सेंटिमीटर त्रिज्येचं छोटं चाक पावणेदोन पट मागतं. चाकावर १२० किलो असले तर दोनशे किलोचा झटका मागच्या दिशेने बसतो, आणि तो दांडीपासून चाकापर्यंतच्या मीटरभर लांब उभ्या पाइपाच्या, म्हणजे चाकाच्या पायाच्या, वरच्या टोकाला पिळून काढतो. बहुतेक मोडतोड तिथेच होते. पाय वाकत नाही, दांडीजवळच्या वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते आणि आठवड्याभरात पाय निखळतो.

म्हणून बांधून घेताना उभ्या पायाला मागून तिरपा टेकू हवाच, तोही दांडीला पायापासून किमान ६० सेंटिमीटर मागे धरलेला. पाइप ५० बाय ५० मिमीचा चौकोनी, ३ मिमी जाडीचा. तो मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो आणि सगळ्याला मिळून चार मीटर लागतो. दर सांगितला की आधी लोखंडाचं वजन विचारा, मजुरी वेगळी मांडून घ्या. दांडीला थेट वेल्डिंग किंवा भोक नको. १२ मिमीचे चार यू-बोल्ट, खाली पट्टी आणि लॉकनट. पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळायचे, कारण रंग आणि लाकूड दबतं आणि पकड सैल होते.

चाक फिरकीचं, म्हणजे उभ्या पिनेभोवती आपोआप वळणारं पाहिजे. सरळ धरलेलं चाक वळणावर आडवं घासतं आणि दांडी पिळतं. फिरकीची ती उभी पीन, म्हणजे किंगपीन, किमान २५ मिमीचा, बुश पितळी, ग्रीसला निपल. किंगपीनच्या सरळ रेषेपेक्षा चाक जमिनीला ५-६ सेंटिमीटर मागे टेकलं पाहिजे. हे अंतर फारच कमी ठेवलं तर चाक आपोआप सरळ होत नाही, आडवं राहून नांगरासारखं चालतं. फार ठेवलं तर गाडी मागे रेटताना चाक मोठा वळसा घेतं आणि बैलाच्या खुराला लागतं.

पायात स्प्रिंग असावी, दहा सेंटिमीटर दबणारी. स्प्रिंगशिवायचा पाय उंचवट्यावर आला की जू एकदम वर उडतं आणि जोत्याने गळा आवळतो. खड्ड्यात चाक लोंबकळतं आणि सगळा भार धपकन मानेवर येतो. मानेला आराम द्यायला लावलेलं चाक असं मानेलाच मारतं.

टायरबद्दल थोडं सविस्तर. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७-८८ च्या सुमारास मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. लाकडी चाक आणि लोखंडी धाव जाऊन आलेल्या गाडीला आपल्याकडे 'डनलॉप गाडी' म्हणतात ते त्याच नावावरून. आता उलटा प्रवास चालू आहे. मिशेलिन या टायर कंपनीने २००५ साली पॉलियुरेथेनच्या लवचिक आऱ्यांचं, हवा नसलेलं ट्वील नावाचं चाक दाखवलं आणि तशा जाळीदार टायरांचं कौतुक सुरू झालं. तिसऱ्या चाकाला ते चालेल का? उसाच्या कापल्या बुडख्याची टोकं खिळ्यासारखी असतात, म्हणून पंक्चर नसणं मोलाचंच. पण उघड्या जाळीत काळी माती बसते, वाळली की दगड होते आणि लवचिकपणा संपतो. भरीव रबराचं चाक पंक्चर होत नाही, मात्र सगळा धक्का पायाला देतं. ताशी तीन-चार किलोमीटरच्या चालीत टायर तापायची भीती नाही, त्यामुळे स्प्रिंग चांगली असेल तर भरीव घ्या. स्प्रिंग बेताची असेल तर रिक्षाचा ४.००-८ टायर बरा. तो कुठेही मिळतो आणि दुरुस्तही होतो. रस्त्याला २० पौंड हवा पुरे. पंक्चर भरणारं द्रव टाकलं तरी कडेला पडलेलं भोक सांधत नाही, आणि बुडखा नेमका कडेलाच लागतो.

उंची बसवण्यात सगळे घोळ घालतात. गाडी पूर्ण भरून सपाट जागेवर उभी करा, बैल सोडा. जुवाखाली मानेच्या उंचीचा टेकू द्या आणि टेकूखाली धान्य मोजायचा काटा ठेवा. आता पायाचा स्क्रू फिरवत काट्यावर २० ते २५ किलो राहतील तिथे थांबा. शून्यावर आणायचा मोह आवरा. मानेवर थोडा दाब नसेल तर पहिल्याच चढाला जू वर उचलून जोतं गळ्याला लागेल. जोडी बदलली की हे सगळं पुन्हा करायचं. माण-आटपाडीकडच्या उंच खिलारला बसवलेली उंची बुटक्या जोडीला चालत नाही, त्यामुळे स्क्रूला किमान १५ सेंटिमीटरची सवड मागा.

काही ठिकाणी तिसऱ्या चाकालाच ब्रेक लावून द्यायची तयारी दाखवतात. पैसे वाचवा. ज्या चाकावर शंभर-सव्वाशे किलो आहेत ते तीन टनांची गाडी उतारावर धरणार नाही, घसरत जाईल. ब्रेक मोठ्या चाकांनाच हवा.

आणि एक धोका चाकाच्या चांगुलपणातच आहे. मान हलकी दिसली की दोन मोळ्या जास्त चढतात, पुढच्या खेपेला चार. ओढ तेवढीच वाढते आणि ती बैलाच्या खांद्यालाच जाणवते. जुंपल्या जनावरांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत बैलाचं वजन आणि चाकाचा प्रकार बघून ओझ्याची मर्यादा ठरवली आहे. दिवसाला एकूण नऊ तास आणि सलग पाच तास, यापेक्षा जास्त जुंपायचं नाही हेही त्यातच आहे. तिसरं चाक लावल्याने यातलं काही सैल होत नाही.

रानातून थेट डांबरी रस्ता आणि कारखाना पाच-दहा किलोमीटरवर, अशा गाडीला हे जरूर लावावं. सगळी वाट पाणंदीची आणि चिखलाची असेल तर त्याच पैशात मोठ्या चाकांची बेरिंगं बदला, टायर चांगले घाला आणि मोळ्या थोड्या मागे सरकवून रचा, पण मालाचा मध्य आखाच्या पुढेच ठेवा. दुकानातून उचलण्याआधी चाक रिकाम्या गाडीला लावून, बैल जुंपून, दहा पावलं मागे रेटून बघा. फिरकी पूर्ण उलटी होताना चाक आणि बैलाचा पाय यांच्यात हातभर जागा राहिली नाही तर तिथल्या तिथे परत करा.