अंगठ्याच्या मुळाचं ऑपरेशन: वर्ष होत आलं

उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा पार झिजला होता, म्हणून गेल्या आषाढात ट्रॅपिझियम हे मनगटातलं छोटं हाड काढून घेतलं. मी ब्लाऊज शिवते, अंगठ्यावरच पोट आहे. दुखणं गेलं. ताकद अजून पुरती आलेली नाही.

आधी किल्ली फिरवली, बरणीचं झाकण उघडलं, फडकं पिळलं की मुळातून कळ यायची. चिमटीत एक किलोचा जोर लावला तर त्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो, असं सर्जननी समजावलं, तेव्हा कात्री हातातून का सुटते ते कळलं. पाळी गेल्यानंतर बायकांना हे जास्त होतं. स्प्लिंट (अंगठ्याला आधार देणारी पट्टी) आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनवर बरेच दिवस निभावलं, पण इंजेक्शनचा आराम दर वेळी लवकर ओसरू लागला.

ऑपरेशनचेही प्रकार आहेत. नुसतं हाड काढायचं, किंवा काढून तिथे मनगटाचीच कंडरा (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) गुंडाळून बसवायची. कृत्रिम सांधाही मिळतो, महाग पडतो. पहिल्या दोन्हींत दुखणं आणि ताकद या बाबतीत फारसा फरक आढळलेला नाही, नुसतं काढण्यात गुंतागुंत कमी, म्हणून मी तेच निवडलं. फक्त हात बधिर केला होता.

खरी कसोटी नंतर. प्लास्टर होतं तोवर वेणी आणि निऱ्या सुनेच्या हाती. प्लास्टर निघाल्यावर अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा होता. तिथून जाणारी बारीक नस दुखावली की असं होतं. माझा हळूहळू गेला. दसऱ्याच्या सुमारास मन खचलं होतं, सुईत दोरा ओवता येईना. हँड थेरपिस्टनं अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा व्यायाम दिला, तो कंटाळा न करता केला. संक्रांतीनंतर फरक जाणवू लागला. ज्या बायका तिसऱ्या महिन्यात "ऑपरेशन फसलं" म्हणून रडतात, त्यांना कळकळीनं सांगते, थांबा. याला सहा महिने ते वर्ष लागतंच.

आता सुती कापड सहज कापते, हेमिंग करते, रात्री झोप लागते. जाड काठ आणि घट्ट झाकण मात्र दुसऱ्याला सांगते. अंगठा जरा आखूड दिसतो, त्याचं काही नाही.

डावाही कुरकुरतोय. वेळ आली तर त्याचंही हेच करून घेईन, पण लग्नसराई उरकल्यावर.