फियाट ११०० चं नवं फ्लोट युनिट: पावसाळाभर वापरल्यानंतर

फियाटवाल्यांना पेट्रोलचा काटा कसा चालतो ते सांगत बसत नाही. थेट मुद्दा: सध्या बाजारात मिळणारं नवं फ्लोट युनिट (टाकीत बसून पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) मी उन्हाळ्याच्या शेवटी मुंबईहून मागवलं, बाराशे रुपये आणि वर कुरिअर. त्यातल्या तरंगणाऱ्या फ्लोटचा दांडा आखूड आहे.

गाडी १९७२ ची, मैसूर राज्याच्या 'एमवाय' नंबराची, वडिलांनी घेतलेली. ५० वर्षं उलटल्यामुळे २०२१ च्या नियमाने 'विंटेज' म्हणून नोंदवता येईल, पण मग ती रोज चालवता येत नाही. आम्हाला ती चालवायची आहे, म्हणून जुनंच आरसी रिन्यू करत आलोय.

तक्रार अशी होती की टाकी भरली तरी काटा अर्ध्याच्या वर चढत नव्हता, आणि वळायचा सिग्नल लावला की सिग्नलच्या तालावर हलायचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मेस्त्रीने बघताक्षणी सांगितलं, "मामा, मीटर गेलाय बघा. नवीन घालूया की." मी नको म्हटलं. काटा सिग्नलबरोबर हलतोय म्हणजे मीटर जिवंत आहे. मागच्या दिव्यांचा करंट परत जायला धड वाट मिळत नाही, म्हणून तो टाकीच्या अर्थमध्ये (करंट बॉडीकडे परत जायच्या जोडणीत) घुसतोय. आधी हे तपासा. युनिटची वायर काढून क्षणभर बॉडीला टेकवा, काटा एका टोकाला गेला पाहिजे. मोकळी सोडा, दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक. टेकवायचं ते टाकीच्या तोंडापासून लांब, ठिणगी पडते.

आमचं दोन्ही ठीक निघालं. टाकीच्या बोल्टखाली गंज आणि त्यावर कुणीतरी मारलेला रंग होता. तो घासून टाकीपासून चेसिसपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर टाकली, आणि हलणं त्याच दिवशी बंद झालं. पन्नास रुपयांच्या आत. मेस्त्रीचं ऐकलं असतं तर चालू मीटर भंगारात गेला असता.

काटा तरीही कमीच दाखवत होता. युनिट बाहेर काढलं तर दांडा जिच्यावर सरकतो ती तारेची गुंडाळी झिजून एका जागी तुटायला आलेली, आणि पितळी फ्लोट हलवला की आत पेट्रोल खळखळत होतं. भोक पडलेला फ्लोट पोहत नाही, बुडतो. म्हणून नवं युनिट.

बसवल्यावर सुरुवातीला मी फार खूश होतो. टाकी भरली की काटा फुलवर, चोर्ला घाटाच्या वळणांवरसुद्धा स्थिर. मग काटा रिझर्वला टेकला, मी टाकी रिकामी केली, तर आत सात लिटर निघाले! मेस्त्री म्हणतो, "बरंच की, रस्त्यात बंद तर पडणार नाही." मला हे पटत नाही. आमचं कोल्हापूरला सारखं जाणं-येणं. कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणून कोगनोळी नाका ओलांडायच्या आत निपाणीकडेच भरायचं, हे सीमाभागातल्या प्रत्येक गाडीवाल्याचं गणित. परतताना कागलजवळ काटा रिझर्वला आला की आत किती आहे ते कळायलाच हवं, नाहीतर घाबरून महाराष्ट्रातल्या दराने भरावं लागतं. अंदाजानेच चालवायचं तर बाराशे रुपये कशासाठी घातले?

जुनं आणि नवं युनिट शेजारी ठेवून, मध्ये फूटपट्टी ठेवून विक्रेत्याला फोटो पाठवले. दांडा दीड सेंटिमीटरने आखूड, फ्लोट तळापर्यंत पोचतच नाही. त्याचं उत्तर: "सगळे हेच बसवतात, कुणाची तक्रार नाही." मग, "इलेक्ट्रिकल मालाला गॅरंटी नसते." मग फोन उचलणंच बंद. दांड्याची लांबी ही इलेक्ट्रिकल बाब कशी, हे मी अजून विचारतोय.

तेव्हा युनिट फेकून द्यावं असंच मत झालं होतं. ते आता बदललंय. एका रेडिएटरवाल्याकडे जुना पितळी फ्लोट नेला. त्याने तो गरम पाण्यात बुडवला, बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं, आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाळवून मगच सोल्डरचा डाग दिला. तो फ्लोट जुन्या दांड्यासकट नव्या गुंडाळीवर बसवला. नंतर रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओतत काट्याच्या जागा कागदावर मांडल्या आणि दांडा किंचित वाकवून रिझर्वची खूण जुळवली. आता काटा रिझर्वला टेकतो तेव्हा तीन लिटरच्या आसपास उरतं. म्हणजे नवी गुंडाळी चांगली आहे, आणि तेवढ्यासाठी हे युनिट घ्यावं. तुमचा नुसता फ्लोट गळत असेल तर घेऊ नका, डाग देऊन भागतं.

पाकिटातलं गॅस्केट मात्र लावूच नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने ते रबर फुगलं आणि भर पावसाळ्यात, काचा बंद असताना, मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येऊ लागला. विटॉनच्या (इथेनॉलने न फुगणाऱ्या रबराच्या) शीटमधून कापून घेतलं, तेव्हा थांबला. जुन्या गाडीत कॉर्कचा फ्लोट असेल तर तोही बघून घ्या, त्यावरचा शेलॅकचा (लाखेचा) थर इथेनॉलमध्ये विरघळतो.

विक्रेत्याने दांडा पुऱ्या लांबीचा केला तर एक युनिट जादा घेऊन ठेवीन. तोवर नाही.